मानेच्या कण्याचा बाक आणि त्यावरील शस्त्रक्रिया

सदऱ्याची गुंडी लावताना बोटे अडखळू लागली, अक्षर बिघडले, चालताना पायातील वहाण नकळत निसटू लागली, म्हणजे ‘आता वय झाले’ असे म्हणून त्याकडे दुर्लक्ष केले जाते. कोणी त्यास वाताचा विकार समजतो. परंतु या तक्रारींचे मूळ कित्येकदा मानेत असते. आणि अशा वेळी मान दुखतेच असे नाही.

मानेत 7 मणके असतात. निरोगी मानेचा कणा बाजूने पाहिल्यास पुढच्या अंगास किंचित फुगीर, कमानीसारखा दिसतो. मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू खाली उतरतो. मेंदूचे आदेश हातापायांस आणि हातापायांच्या संवेदना मेंदूस याच मार्गाने पोहोचतात. मणक्यांमधील चकत्यांची झीज, क्षयरोग, संधिवात किंवा अपघात यांमुळे ही कमान उलटू शकते व मान पुढे झुकते. विहिरीच्या काठावरून ताणलेला दोर जसा काठाशी काचतो, तसा मज्जारज्जू या बाकावर ताणला जातो, दाबला जातो आणि त्याचा रक्तपुरवठा घटतो. कण्याच्या बाकाबरोबर पायांतील शक्ती जाते, हे लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी 1779 मध्येच नोंदविले होते.

दाब वाढला की शस्त्रक्रिया आवश्यक ठरते. तत्पूर्वी क्ष-किरण चित्रांवरून बाक लवचिक आहे की ताठर, हे ठरविले जाते, एम.आर.आय. तपासणीत दाबाची जागा कळते. काही रुग्णांच्या कवटीस धातूचे कडे बसवून, वजनाच्या साहाय्याने मान हळूहळू सरळ करण्यात येते. अशा कड्याचा वापर अमेरिकेतील डॉ. पेरी व डॉ. निकल यांनी 1959 मध्ये वर्णिला.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत पुष्कळदा गळ्याच्या पुढील बाजूने मणक्यांपर्यंत पोहोचतात. दाब आणणारी चकती अथवा मणक्याचा भाग काढून तेथे कमरेच्या हाडाचा तुकडा किंवा धातूचा पिंजरा बसवितात आणि पट्टी व स्क्रू यांनी आधार देतात. केवळ मागील बाजूचे हाड काढले, तर पुढे वाकलेल्या मानेत रज्जू बाकावर ताणलेलाच राहतो. शिवाय बाक वाढण्याचाही धोका असतो. म्हणून ताठर बाकासाठी कधी पुढून व मागून अशा दोन्ही बाजूंनी शस्त्रक्रिया करावी लागते.

या शस्त्रक्रियेत धोके आहेत. काही दिवस गिळण्यास त्रास होणे, आवाज घोगरा होणे, खांद्याची शक्ती कमी होणे आणि क्वचित पक्षाघात, हे रुग्णास व नातेवाइकांस आधीच समजावून सांगणे आवश्यक असते. हाड सांधण्यास काही महिने लागतात. तंबाखू व विडीमुळे ते सांधण्यास विलंब होतो. क्षयरोग असल्यास औषधांचा क्रम पूर्ण करणे अनिवार्य आहे. ही औषधे सरकारी रुग्णालयांत विनामूल्य मिळतात.

या शस्त्रक्रियेचा पहिला हेतू आजाराची वाढ थांबविणे हा आहे. गेलेली शक्ती काही प्रमाणात परत येते. पण रज्जू दीर्घकाळ दाबला गेला असल्यास ती पूर्णपणे येत नाही. म्हणूनच दिरंगाईची किंमत फार मोठी असते.

हात बधिर होणे, अंधारात तोल जाणे, मान वाकविताच पाठीतून विजेसारखी झिणझिणी उतरणे किंवा लघवीवरील ताबा कमी होणे, यांपैकी काहीही आढळल्यास मानेला हिसडा देऊन घेऊ नये, मालीशही करू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्वरित दाखवावे. गावातील शिक्षक व पंचायतीच्या सदस्यांनी अशा व्यक्तीस वेळीच मोठ्या रुग्णालयाची वाट दाखविली, तर एका कुटुंबाचा कर्ता माणूस आपल्या पायांवर उभा राहू शकेल.