पेशी, सेल आणि सातपुडा

नंदुरबार जिल्हा झाला 1 जुलै 1998 ला. पुढच्याच वर्षी, 1999 मध्ये, वैद्यकीय प्रवेशासाठी राज्याची सीईटी आली. त्याआधी बारावीच्या मार्कांवर प्रवेश मिळत. जिल्हा आणि परीक्षा जवळपास एका वयाचे.

2013 ला देशभरासाठी एकच प्रवेश परीक्षा, नीट, आली, त्याच जुलैत सर्वोच्च न्यायालयानं ती रद्दही केली. 2016 ला न्यायालयानंच ती परत आणली. राज्यांना त्या वर्षापुरती सूट देणारा केंद्राचा अध्यादेश निघेपर्यंत मे महिना सरत आला होता. सीईटीत चुकलेल्या उत्तराचा गुण कापत नाहीत, नीटमध्ये कापतात. शहरातल्या क्लासनं हा बदल आठवड्यात पचवला. नंदुरबारच्या सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पोरांना तो सांगणार कोण?

पण खरी अडचण याहून जुनी आहे. या आदिवासी पोरांच्या घरात बोली पावरी, भिली नाहीतर मावची. आश्रमशाळेत मराठी. दहावीपर्यंत पोरगी पेशी, केंद्रक, तंतुकणिका पाठ करते. अकरावी सायन्सला तेच सेल, न्यूक्लियस, मायटोकाँड्रिया होऊन समोर येतं. 'त्वरण' कळलेल्या मुलाला 'अ‍ॅक्सिलरेशन' म्हणजे तेच, हे कुणी सांगतच नाही. तो ते नव्यानं घोकतो. नीटसाठी मराठी निवडली तर प्रश्न इंग्रजी आणि मराठी दोन्हीत येतात, ही सोय चांगलीच. मात्र दोन वर्षं इंग्रजी घोकल्यावर 'तंतुकणिका' पुन्हा अनोळखी झालेली असते. ही मुलं हुशारीत कमी पडत नाहीत, शब्दांत अडकतात, असं माझं ठाम मत आहे.

यावर कुणी डॉ. राजेंद्र भारूडांचं उदाहरण देईल. साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे भारूड अक्कलकुव्याच्या नवोदय विद्यालयात शिकले, मुंबईत जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टर झाले आणि पुढे नंदुरबारचे जिल्हाधिकारी म्हणून आले. त्यांची जिद्द मोठीच. पण नवोदयमध्ये गणित-विज्ञान आठवी-नववीपासूनच इंग्रजीतून सुरू होतं, हेही लक्षात घ्यायला हवं. आश्रमशाळेच्या मुलाला ती दोन-तीन वर्षं मिळत नाहीत.

2020 पासून नंदुरबारात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, 100 जागांचं. डोंगरातली पोरगी एसटीनं तिथवर पोहोचू शकते. वाट अडते ती नीटपाशी.

म्हणून आश्रमशाळांतल्या विज्ञानशिक्षकांना विनंती: आठवीपासून फळ्यावर 'पेशी' लिहाल तेव्हा शेजारी 'सेल' लिहा. आणि वर्गातल्या एखाद्या पोरीला विचारा, पावरीत याला काय म्हणाल?