संगणकावरील चलच्चित्र आणि जुने डीव्हीडी-यंत्र
आमच्या शाळेतील एका दिवंगत शिक्षकांच्या निरोपाच्या भाषणाचे चलच्चित्र त्यांच्या पत्नीस भेट द्यावे, असे आम्ही ठरविले. बाईंच्या घरी संगणक नाही; आहे ते जुने डीव्हीडी-यंत्र. आम्ही फाईल जशीच्या तशी तबकडीवर उतरवून मोठ्या उत्साहाने नेऊन दिली. यंत्राने ती वाचण्यास साफ नकार दिला. बाई काही बोलल्या नाहीत, आम्हीच ओशाळलो.

चूक मागाहून ध्यानी आली. 'एमपी४' ही लिपी बहुतेक जुन्या यंत्रांस वाचता येत नाही. त्यांस 'एमपेग-२' ठाऊक. मोडी न जाणणाऱ्यापुढे बखर ठेवावी, तसा हा प्रकार. म्हणून आधी रूपांतर हवे: चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे, सेकंदास २५ चौकटी (ही आपल्याकडील 'पाल' पद्धती), ध्वनी ४८ किलोहर्ट्झ. परंतु एवढ्याने भागत नाही, आणि नेमके येथेच पुष्कळ जण फसतात. यंत्र 'व्हिडिओ_टीएस' नावाच्या फोल्डरातील ठरावीक रचनाच शोधते. 'डीव्हीडीस्टायलर' हे विनामूल्य साधन रूपांतर व रचना दोन्ही करून देते.

साध्या तबकडीची धारणशक्ती ४.७ गिगाबाइट. दोन तासांपर्यंत चित्र स्वच्छ राहते. अधिक कोंबल्यास चेहरे पुसट होतात. लेखनाचा वेग मंद ठेवावा व अखेरीस तबकडी 'फायनलाइज' करावयास विसरू नये. मूळ फाईल मात्र जपावी. रूपांतरात गेलेला तपशील परत मिळत नाही.

दुसऱ्या खेपेस भाषण सुरू झाले. बाईंनी आवाज थोडा वाढवावयास सांगितला.