सोन्याच्या खाणी आणि न मांडलेला खर्च

पुरलेले धन जमिनीखाली जागा बदलते, अशी आपल्याकडे एक जुनी समजूत आहे. भूशास्त्राने ती सर्वस्वी खोटी ठरविलेली नाही. खडकांत एकदा बसलेले धातू तेथेच कायमचे स्वस्थ राहत नाहीत. पाणी, उष्णता आणि दाब यांच्या योगाने ते पुढेही सरकत राहतात. दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँड या सुवर्णक्षेत्राची हकीकत या दृष्टीने उद्बोधक आहे, आणि ती केवळ भूशास्त्रज्ञांनीच वाचावी अशी नाही.

मानवाने आजवर काढलेल्या सोन्यापैकी पुष्कळसे या एकाच क्षेत्रातून आले. सुमारे २९० कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी आणून टाकलेल्या गोट्यांच्या थरांत ते सापडते. ते नद्यांनीच आणले, की मागाहून खडकांत शिरलेल्या उष्ण द्रावणांनी, हा वाद दीर्घकाळ चालला. आज अनेक अभ्यासक मधला मार्ग पत्करतात. सोने गाळाबरोबर आले. पुढे हे थर खोल गाडले जाऊन तापले, तेव्हा ते काही अंशी विरघळले आणि थोड्या अंतरावर पुन्हा साकळले.

थोड्याच अंतरावर, हे ध्यानात घ्यावयाचे. सोने हा प्रकृतीनेच स्थितिप्रिय धातू आहे. त्याचे शेजारी तसे नाहीत. त्याच थरांत लोह आणि गंधक यांचे संयुग असलेले पायराइट आहे, युरेनियमची खनिजेही आहेत. हवा आणि पाणी पोहोचताच पायराइटपासून गंधकाम्ल तयार होते व त्यात लोह, मँगनीज, युरेनियम विरघळून वाहू लागतात. भूपृष्ठालगतच्या पट्ट्यात निसर्गाने हे काम फार सावकाश उरकले होते. म्हणूनच १८८६ साली खाणी सुरू झाल्या तेव्हा वरच्या कुजलेल्या खडकातून पाऱ्याच्या साहाय्याने सोने सहज सुटे. खाली ताजे पायराइट लागले आणि पारा निरुपयोगी ठरला. धंदा बुडण्याच्या बेतात असता १८९० च्या सुमारास सायनाइड प्रक्रियेने त्याला तारले. उत्पादनातील अडचण दूर झाल्याने पायराइट हिशेबातून गेले. खडकात ते होतेच.

१९३४ ते १९७१ या काळात सोन्याचा अधिकृत भाव औंसाला ३५ डॉलर असा बांधलेला होता. भाव वाढविता येत नाही, तेव्हा नफा खर्च दाबूनच मिळावयाचा. काळ्या मजुरांचे वेतन कसे दाबले गेले, हे जगाला ठाऊक आहे. पाणी उपसण्याचा खर्च मात्र खाण चालू असेपर्यंत वहीत लागे. खाण मिटल्यावर वर येणाऱ्या पाण्याचा खर्च कोणाच्याच वहीत नव्हता. ते पाणी २००२ साली पश्चिम रँडमध्ये जुन्या शाफ्टमधून आम्ल व धातू घेऊन बाहेर पडले आणि ओढ्यांत मिसळले. पुढे सरकारला शुद्धीकरण केंद्रे उभारावी लागली. चुना घालून आम्ल मारता येते, धातूही बरेचसे तळाशी बसतात. पण सल्फेट पाण्यात पुष्कळच उरते. शिवाय हे काम काही वर्षांत संपणारे नव्हे. अनेक कंपन्या तोवर विकल्या गेल्या होत्या, काही गुंडाळल्या गेल्या होत्या. एकाच्या उत्पादनाचा भार त्रयस्थावर कसा पडतो, याची मीमांसा पिगू यांनी १९२० मध्येच केली होती. येथे तो त्रयस्थ पुढच्या पिढीत जन्मला, एवढाच फरक.

भारतालाही हा प्रश्न परका नाही. कोलारची खाण २००१ साली बंद झाली. तिच्या ढिगाऱ्यांत उरलेले सोने काढण्याच्या प्रस्तावाला कर्नाटक सरकारने २०२४ मध्ये संमती दिली. तेथील खडक निराळा, पण काही शिरांत आर्सेनिकयुक्त खनिजे आहेत, आणि ढिगाऱ्यांची धूळ वाऱ्याबरोबर वस्तीवर येते. या कामाचा ठेका देताना सोन्यातील हिश्श्याची घासाघीस होईलच. काम संपल्यानंतरची पाण्याची तपासणी आणि ढिगाऱ्यांची निगा यांसाठी पुरेशी ठेव मात्र पहिला ढिगारा उकरण्याआधी घेतली गेली पाहिजे, आणि ती कंपनीच्या नव्हे, तर सरकारच्या खाती जमा असली पाहिजे.