मळीच्या वाटेवरची शर्यत

नदीकाठावर शर्यत घ्यायची तर तारीख माणसाच्या हातात फार थोडी असते. आमचं गाव कृष्णेच्या काठावर, औदुंबर-भिलवडीकडून नदी वळणं घेत सांगलीकडे जाते त्या पट्ट्यात. आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा आणि 45 ला धोका, हे इथल्या पोराटोरांनाही पाठ असतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 57 फुटांच्याही वर गेलं होतं. अशा वर्षी मळीतली, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या जमिनीतली, वाट नुसती बुडत नाही, जागाच बदलते. कुठे काठ ढासळतो, कुठे हातभर गाळ बसतो, कुठे बाभळ आडवी पडते. पाणी ओसरलं तरी काळी माती दिवाळीपर्यंत पायाला सोडत नाही. पुढे कारखान्यांचे गळीत हंगाम सुरू होतात आणि त्याच वाटेवरून उसाच्या बैलगाड्या नि ट्रॅक्टर निघतात. या सगळ्यातून मोकळा सापडतो तो जानेवारीतला एखादा रविवार. आमची पाच किलोमीटरची शर्यत त्या रविवारी असते.

मी हायस्कुलात पी.टी. शिकवायची. निवृत्त झाल्यावर ही शर्यत सुरू केली, कारण गावात पळणारी मुलं भरपूर होती आणि त्यांना पळायला राज्यमार्गाची कडा सोडून जागा नव्हती. पोलीस भरतीची तयारी करणारी ही मुलं-मुली पहाटे अंधारात, ट्रकच्या उजेडात पळतात. भरतीत मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर. ते झालं की पळणं संपतं, कारण त्यापलीकडे पळण्याचं कारणच कुणी दिलेलं नसतं. शेजारच्या सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या दुष्काळी मोही गावातून ललिता बाबर निघाल्या आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी पळाल्या. प्रत्येक मुलगी तिथवर जाईल असं मी म्हणत नाही. पण भरतीचा निकाल लागल्यावरही पायात बूट राहावेत, एवढं मला मनापासून वाटतं.

लोकांना वाटतं, शर्यतीचं काम म्हणजे टी-शर्ट, मेडल, मंडप, पाहुणे. माझं मत वेगळं आहे. नदीकाठच्या शर्यतीचं नव्वद टक्के काम म्हणजे लोकांच्या दारी जाऊन विचारणं. नकाशावर ती वाट एक रेघ दिसते. प्रत्यक्षात ती कुणाच्या बांधावरून जाते, कुणाच्या उपशाच्या पाइपवरून जाते, कुणाच्या गोठ्यामागून जाते. ग्रामपंचायतीचा ठराव, पोलीस ठाण्याला अर्ज, वन विभागाला पत्र, आरोग्य केंद्राला कळवणं, ही कागदं लागतातच आणि ती दोन महिने आधी द्यावीत. पण परवानगीचा कागद बांधावरच्या माणसाला दाखवून वाट मिळत नाही. त्याच्या ओट्यावर बसून चहा घ्यावा लागतो.

मी पहिल्यांदा वाट मागायला गेले तेव्हा एका अण्णांनी हिशोबच मांडला. "बाई, वाटंचं काय न्हाई, पळू द्या की पोरं. पर पाणी कवा सोडायचं ते लाइटीवर हाय." शेतीपंपाची लाइट कधी दिवसा येते, कधी रात्री. शनिवारी रात्री ती आली तर माणूस उसाला पाणी देणारच, आणि सरीतलं पाणी फुटून वाटेवर येणारच. म्हणून लाइटीचं वेळापत्रक कळलं की आम्ही वाटेला लागून असलेल्या शेतकऱ्यांकडे जातो आणि एवढंच मागतो की वाटेकडेच्या सऱ्या तेवढी एक रात्र कोरड्या ठेवा. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. तसंच चिटबॉयला विचारायचं. कोणत्या फडाला कधी तोड लागणार हे कारखान्याच्या त्या माणसाला सगळ्यांच्या आधी ठाऊक असतं. शर्यतीच्या आठवड्यात आमच्या वाटेवर तोड लागणार असेल तर टोळीच्या मुकादमाशी बोलून गाड्यांची वेळ पुढेमागे करता येते. तोडणीची माणसं बीडकडून, मराठवाड्यातून आलेली असतात, त्यांचा दिवस पहाटेच सुरू होतो. त्यांना त्यांच्या कामातून आपण उठवायचं नाही, आपली वाट वळवायची, हा आमच्याकडचा पक्का नियम आहे.

अंतर मोजण्यावर मी थोडी हट्टी आहे. मोबाइलवर पाच किलोमीटर दिसलं म्हणजे पाच झालं, असं मुलं म्हणतात. दोन्ही बाजूंना दहा फुटी ऊस आणि वर चिंचांची दाटी असेल तर घड्याळातला जीपीएस इकडे तिकडे भरकटतो. रस्त्यावरच्या शर्यती जगभर आजही सायकलनेच मोजल्या जातात. पुढच्या चाकाजवळ जोन्स काउंटर नावाचं छोटं यंत्र बसवतात आणि ते चाकाचे फेरे मोजतं. आमच्याकडे यंत्र नाही, पण तत्त्व तेच. डांबरी रस्त्यावर स्टीलच्या टेपने 300 मीटर मोजून खुणा करायच्या, चाकाच्या एका आरीला लाल दोरा बांधायचा आणि तेवढ्या अंतरात चाक किती वेळा फिरतं ते मोजायचं. जुन्या मोठ्या सायकलचं चाक एका फेऱ्यात साधारण सव्वादोन मीटर जातं, पण टायरमधली हवा आणि सकाळचं ऊन यांनी त्यात फरक पडतो, म्हणून ही तपासणी मोजणीच्या आधी आणि नंतरही करायची. वळणावर पळणारा आतल्या कडेने जाणार, म्हणून मोजायचंही आतल्या कडेलगतच. शेवटी प्रत्येक किलोमीटरला एक मीटर जादा धरायचा, म्हणजे शर्यत लांब भरली तर चालेल, तोकडी भरणार नाही. मळीत चाक घसरतं तिथे सरळ टेप धरायची. हे सगळं करायला दोन माणसं आणि एक पूर्ण सकाळ लागते. इतकं कशासाठी? एखादी मुलगी सांगते की मी पाच किलोमीटर सत्तावीस मिनिटांत पळाले, तेव्हा ते वाक्य खरं असलं पाहिजे. तेवढं आपण तिला देणं लागतो.

वाट कशी आखायची यातही विचार असतो. अरुंद पायवाटेवर जाऊन त्याच वाटेने परत आणलं तर समोरासमोर धडका होतात. म्हणून आम्ही फेरा काढला आहे. शाळेपुढच्या रुंद रस्त्यावरून सुरुवात, तिथे पाऊण किलोमीटर पळेपर्यंत माणसं आपोआप पुढेमागे होतात, मग मळीत उतरायचं, नदीचं पाणी उचलायच्या जॅकवेलपर्यंत नदीच्या अंगाने जायचं आणि उसातल्या पाणंदीने गावात परत यायचं. नावं दीडशेच्या वर घेत नाही. वाट एका वेळी एका माणसाची आहे, तिला तीनशे झेपणार नाहीत. सुरुवातीच्या रेषेपासून 1600 मीटरवर आम्ही फक्कीची जाड रेघ मारतो आणि तिथे एक मुलगा घड्याळ घेऊन मोठ्याने वेळ सांगत उभा असतो. भरतीच्या पोरांचे कान त्या रेघेवर टवकारलेले असतात.

फक्की दवाने पुसट होते, म्हणून वळणावर जुन्या साडीच्या पिवळ्या चिंध्या बांधतो. फ्लेक्ससाठी झाडावर खिळा ठोकायचा नाही. आणि प्रत्येक खूण संध्याकाळपर्यंत उतरवायची.

आता मगरींबद्दल, कारण बाहेरून येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा तेच विचारतो. होय, या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत आणि थंडीत त्या काठावर ऊन खायला येतात. मगर पळणाऱ्याच्या मागे उसात शिरत नाही. धोका असतो तो पाण्याच्या अगदी कडेला, जिथे ती दबा धरून असते. म्हणून आमची वाट कुठेही पाण्याला भिडत नाही, आणि पाय धुवायला, फोटो काढायला खाली उतरायचं नाही हे सुरुवातीलाच बजावलं जातं. आदल्या दिवशी आणि त्या पहाटे वन विभागाची माणसं आमच्या मुलांबरोबर वाट चालून येतात. मादी उन्हाळ्याच्या तोंडाला काठाच्या मातीत अंडी घालते, तेव्हा तिथे गर्दी नकोच, जानेवारी बरा वाटण्याचं हेही एक कारण. 1972 च्या वन्यजीव कायद्याने मगरीला संरक्षण आहे, हे तर झालंच. पण नदी तिचीही आहे हे मुलांना या निमित्ताने समजतं, आणि मला ते कायद्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

खरं सांगायचं तर मला मगरीपेक्षा आग्या मोहोळाची आणि घोणसाची काळजी जास्त. मोहोळ चिंचेवर, पुलाखाली, टाकीला कुठेही लागतं. ते असेल तर त्याच्याखालून वाट न्यायची नाही, धूर करायचा नाही, फटाका वाजवायचा नाही. सुरुवातीला आम्ही शिट्टी वाजवतो, तीही गावात. घोणस उसाच्या पाल्यात असतो, म्हणून पाणंदीवरचा पाला दोन दिवस आधी झाडून घेतो आणि सर्पदंशावरचं प्रतिविष कोणत्या रुग्णालयात आहे ते त्या आठवड्यात पुन्हा विचारून ठेवतो. 108 ची गाडी मळीत उतरू शकत नाही. म्हणून वाटेवर कुठे कुठे ट्रॅक्टर पोचतो त्या जागा ठरवून ठेवल्या आहेत आणि त्यांना गावचीच नावं आहेत: दोन चिंचा, जॅकवेल, मोडका बांध. स्वयंसेवकाने फोनवर "दोन चिंचांपाशी एकजण बसलाय" म्हटलं की ट्रॅक्टरवाल्याला आणखी काही विचारावं लागत नाही. किलोमीटरचा आकडा सांगितला तर तो विचार करत बसेल.

वेळ नोंदवायला महागडी चिप लागत नाही. 2004 मध्ये 2 ऑक्टोबरला लंडनच्या बुशी पार्कमध्ये पॉल सिंटन-ह्यूइट यांनी तेरा पळणाऱ्यांना घेऊन पाच किलोमीटरची विनामूल्य दौड घेतली. तीच पुढे पार्करन म्हणून अनेक देशांत पसरली. सुरुवातीला तिथे हार्डवेअरच्या दुकानातले वायसर क्रमांक टाकून बिल्ले म्हणून वापरत. आम्ही प्लायवूडचे चौकोन कापले. शेवटच्या रेषेनंतर दोऱ्या बांधून अरुंद गल्ली करायची, म्हणजे माणसं आली त्याच क्रमाने पुढे सरकतात. रेषेवर एक जण प्रत्येक माणसाला घड्याळाचं बटण दाबतो, गल्लीच्या टोकाला दुसरा क्रमांकाचा चौकोन हातात देतो, आणि टेबलावरची मुलगी चौकोनाचा क्रमांक नि माणसाचं नाव लिहून घेते. घड्याळातली सदतिसावी वेळ सदतीस क्रमांकाच्या चौकोनाची. घोटाळा एकाच जागी होतो: गल्लीत कुणी कुणाला ओलांडलं की. म्हणून तिथे आमच्या शाळेतले सगळ्यात कडक शिक्षक उभे असतात.

फी शंभर रुपये, गावातल्या शाळकरी मुलांना माफ. त्यात छातीवरचे कापडी क्रमांक, पिना, प्रथमोपचाराची पेटी आणि पोहे-चहा बसतो. पाणी माठात, पेला ज्याने त्याने आणायचा, प्लास्टिकची बाटली नाही. लिंबू, मीठ, साखर घातलेलं पाणी शेवटच्या रेषेवर. पाच किलोमीटरला थंडीत एवढं पुरतं, आणि तहान नसताना बळेच पाणी पीत राहू नका, हेही सांगावं लागतं.

रोख बक्षीस ठेवा, नाव होईल, असं मला दरवर्षी सुचवलं जातं. मी ठाम नाही म्हणते. रोख रक्कम ठेवली की जत्राजत्रांतून बक्षिसं मिळवत फिरणारे तयार धावपटू येतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पळणं हीच त्यांची कमाई आहे. पण मग गावातली मुलगी कडेला उभी राहून टाळ्या वाजवते. आमच्याकडे पहिल्याला आणि शेवटच्याला सारखंच मिळतं: सांगलीचा बेदाणा आणि हळद.

त्या शेवटच्या माणसासाठी मी सगळ्यात जास्त झटते. बायका धावायला याव्यात म्हणून सुरुवात सव्वासातला, दिवस उजाडल्या उजाडल्या, आणि सगळं नऊच्या आत आटोपतं. कारण रोजंदारीवर खुरपायला जाणाऱ्या बाईला रविवार मोकळा नसतो. अंधारात सुरुवात केली तर घरचे सोडत नाहीत, उशिरा संपवलं तर हजेरी बुडते. अंतर पुरं करायला वेळेची मर्यादा नाही. सगळ्यात मागे आमची एक माजी विद्यार्थिनी चालत येते, आणि ती येईपर्यंत रेषेवरचं घड्याळ, माठ आणि माणसं कुणी हलत नाही. एक आक्का नऊवारी खोचून, चपला हातात घेऊन आल्या तेव्हा त्यांची सून दोऱ्यांच्या गल्लीत उभी राहून रडत होती. रोज याच वाटेने डोक्यावर वैरण घेऊन त्या येतात. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी त्यांची वेळ लिहून घेतली.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत बांधांवर जातो. कुठे ठिबकची नळी तुटली, कुठे हरभरा तुडवला गेला, ते पाहून पैसे तिथेच देतो. पुढच्या वर्षीची परवानगी खरी त्या सोमवारी मिळते.

यंदा तरुण मंडळाला दहा किलोमीटर हवी आहे. त्यासाठी शेजारच्या गावच्या मळीतून जावं लागेल. मी म्हटलं, आधी तिथल्या माणसांकडे जाऊन या. पोरं परवा जाऊन आली. तिघांनी होकार दिलाय. चौथ्या मामांचा बांधावरून शेजाऱ्याशी वाद चालू आहे, आणि तो मिटल्याशिवाय तिथून वाट काढू नका, असं त्यांनीच बजावलंय. तोवर पाचच.