बातमी फुकट, खर्च कोणाचा?

पावसाळ्यात वर्धा नदीला मोठा पूर आला की राजुरा-बल्लारपूर मार्ग बंद होतो आणि राजुऱ्यातील व्यापाऱ्याला एकच चिंता लागते : मालाची गाडी आज पोहोचेल काय? दुसऱ्या दिवशीच्या छापील वर्तमानपत्रातील उत्तर त्याच्या उपयोगाचे नसते. मोबाईलवर ते तत्काळ मिळते, तेही फुकट. पुलाजवळ भिजत उभे राहून बातमी पाठविणाऱ्याचा खर्च कोण सोसतो, हा प्रश्न मात्र हिशेबी माणसालाही सहसा सुचत नाही.

गुगलची ‘ॲडसेन्स’ योजना 2003 मध्ये सुरू झाली. प्रकाशकाने पानावर जागा द्यावी, गुगलने जाहिरात आणावी आणि उत्पन्न वाटून घ्यावे, असा तो व्यवहार. यूट्यूबवर जाहिरातीतील वाटा मिळण्यासाठी 1,000 सदस्य आणि वर्षभरात 4,000 तासांचे दर्शन, अथवा 90 दिवसांत ‘शॉर्ट्स’ची 1 कोटी दर्शने लागतात, पुढे मोठ्या चित्रफितींच्या जाहिरात-उत्पन्नातील 55 टक्के निर्मात्यास मिळतात. हा सारा घाऊक व्यापार होय. पुलाची बातमी एका तालुक्यापुरती. तिला लाखो प्रेक्षक कोठून आणावेत? मग साध्या बातमीवर भडक मथळा चढतो. वाचक एकदा फसतो, दोनदा फसतो, आणि गिऱ्हाईक तुटावे तसा तुटतो.

2016 मध्ये सुरू झालेल्या ‘अक्षरनामा’ या मराठी संकेतस्थळाने वाचकांकडेच आर्थिक साहाय्य मागितले. विचारप्रधान लेखनाला असा वाचक लाभू शकतो. तालुक्याच्या बातमीसाठी वर्गणी देण्याची सवय अद्याप रुजलेली नाही.

उरते ती गावातील जाहिरात : दिवाळीच्या शुभेच्छा, नव्या दालनाचे उद्घाटन, निवडणुकीतील फलक. येथे पेढीची भूमिका नाजूक होते. जाहिरात दिली म्हणून आपल्या दुकानाविषयीची तक्रार छापली जाऊ नये, ही अपेक्षा न बोलताही पोहोचते. कोळसा आणि सिमेंटच्या या पट्ट्यात धूळ, जड वाहने, खचलेले रस्ते यांविषयी कोणीतरी निर्भयपणे लिहिणे व्यापाऱ्याच्याही गरजेचे आहे. पण लिहिणाऱ्याची चूल दोन-चार मोठ्या जाहिरातदारांवरच पेटत असेल, तर त्याची लेखणी अडखळणारच. त्यापेक्षा बाजारातील अनेक दुकानांनी वर्षभराची लहान रक्कम आधीच ठरवून, पावती घेऊन द्यावी आणि मजकुरावर ‘जाहिरात’ हा शब्द स्पष्ट छापून घ्यावा. ही रक्कम जाहिरात-खर्चाच्या खात्यात राजरोस मांडता येते. बातमी दडपण्यासाठी दिलेल्या रकमेला कोणते खाते दाखविणार?