म्हणणं पोचलं का, बॉस?

पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या क्लासला हजारो रुपये मोजण्याआधी एक साधा प्रश्न: समोरच्याचं आपण नीट ऐकतो का?

सोमवारची रिव्ह्यू मीटिंग. टीम लीडर विचारतो, "काम कुठवर आलं?" पारोळ्याहून नवा आलेला मुलगा सांगतो, "करून राहिलो ना सर." कोपऱ्यात खसखस पिकते. उत्तर बरोबर, कामही वेळेत. पण पुढच्या मीटिंगपासून तो 'येस सर'वर भागवायला लागतो. अप्रेझलच्या वेळी शेरा येतो: 'इनिशिएटिव्ह कमी.'

मीटिंग काल्पनिक आहे, पण ओळखीची वाटली ना? मग सांगा, कम्युनिकेशनमध्ये नापास कोण झालं?

'शे' आणि 'आहे'

पारोळा म्हणजे धुळे-जळगाव हायवेवरचं तालुक्याचं गाव. इथल्या घराघरांत अहिराणी चालते. 'आहे'ला 'शे', 'माझा'ला 'मना', 'तुझा'ला 'तुना'. ग्रिअर्सनने भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणात खानदेशीची स्वतंत्र नोंद केली, ती 1907 मध्ये. 2011 च्या जनगणनेत खानदेशी गटातल्या बोली ही मातृभाषा सांगणारे सुमारे 18 लाख 60 हजार लोक होते. म्हणजे ही काही 'बिघडलेली मराठी' नव्हे!

इथला मुलगा घरी अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी आणि ऑफिसात इंग्रजी बोलतो. गावाकडून फोन आला की "काय करी ऱ्हायना भो?" आणि फोन ठेवला की "शुअर मॅम!" ऐकणारा पाहून बोलणं जुळवून घेण्याच्या या सवयीवर हॉवर्ड जाइल्स या मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात अख्खा सिद्धांत मांडला. आपल्याकडे मात्र त्याच मुलाला 'कम्युनिकेशन वीक' म्हणतात.

तो 7 टक्क्यांचा घोळ

ट्रेनिंगमध्ये एक स्लाइड हमखास असते: संवादात शब्द फक्त 7 टक्के, आवाज 38, देहबोली 55. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 मधल्या प्रयोगांतून आलेत. पण ते प्रयोग आवड-नावड व्यक्त करण्यापुरतेच होते. शब्द एक सांगतात आणि चेहरा दुसरंच, तेव्हा आपण कशावर विश्वास ठेवतो, एवढाच मुद्दा. डेडलाइन काही देहबोलीने कळत नाही. पण तुमचं कुत्सित हसू? ते मात्र लगेच पोचतं.

'बघतो' म्हणजे नक्की काय?

घोटाळे उच्चारांमुळे कमी, गृहीत धरण्यामुळे जास्त होतात. 'बघतो' हा शब्दच घ्या. बोलणाऱ्याच्या मनात 'जमणं कठीण आहे', ऐकणाऱ्याच्या मनात 'झालंच समजा'. शुक्रवारी संध्याकाळी दोघंही एकमेकांवर चिडलेले!

यावरचा उपाय जुनाच आहे. कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन यांनी 1957 मध्ये 'अॅक्टिव्ह लिसनिंग' मांडलं. ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं आणि बरोबर कळलं का, ते विचारायचं. "म्हणजे गुरुवारपर्यंत फाइल येईल, असंच ना?" पाच सेकंदांचं काम.

हे करून बघा

- वाक्य मध्येच तोडू नका. शब्द शोधणाऱ्याला दोन सेकंद द्या.
- उच्चार दुरुस्त करू नका, मुद्दा विचारा.
- कुणी गप्प असेल, तर 'मत नाही' असं धरू नका. "तुला काय वाटतं?" असं नाव घेऊन विचारा. चारचौघांत नको वाटत असेल, तर नंतर चहावर.
- 'बघतो'ऐवजी तारीख सांगा. जमणार नसेल, तर आजच सांगा.
- आणि पारोळ्याच्या दोस्ता, प्रेझेंटेशनची भाषा जरूर घोटून घे. पण चुकीच्या धास्तीने मुद्दा गिळू नकोस. तू बोलला नाहीस, तर तुझं काम दुसराच कुणीतरी स्वतःच्या नावाने सांगेल.