झटका मशीन म्हणजे मोटारीच्या पेटीतला करंट नव्हे

मागच्या भागानंतर बऱ्याच व्हॉइस नोट्स आल्या, पण आजचा पूर्ण भाग एकाच प्रश्नावर आहे. विदर्भातल्या एका श्रोत्याने विचारलंय, "दादा, चार एकर हरभरा आहे. रात्री रोही येतात, चितळं येतात, डुकरं तर रोजचीच. झटका मशीनवर पैसे कशाला घालू? मोटारीच्या पेटीतून वायर ओढून तारेला करंट सोडला तर तेच ना?"

नाही भाऊ, ते तेच नाही. आणि या फरकावर माणसाचा जीव अवलंबून आहे, म्हणून आज जरा सावकाश सांगतो.

आधी पाहुणे कोण ते बघू. रोही म्हणजे नीलगाय. नावात गाय असली तरी सगळ्यात जवळचं नातं चौशिंग्याशी. मोठा नर दोनशे किलोंच्याही पुढे जातो, साधी तार तो छातीनेच तोडतो. चितळ दीड मीटर उंचीचं कुंपण ओलांडू शकतं, पण वाट मिळाली तर खालून घुसणं त्याला जास्त आवडतं. रानडुक्कर तर वर बघतच नाही, नाक जमिनीला लावून तारेखालची माती उकरतं. म्हणजे एकाला उंच कुंपण पाहिजे, दुसऱ्याला खालून बंद. धुऱ्यावर जुन्या साड्या बांधतात ना, त्या चार दिवस काम करतात. पाचव्या दिवशी जनावराला कळतं की ही नुसती साडी आहे.

झटका मशीन इथे वेगळं काम करतं. ते जनावराला अडवत नाही, शिकवतं. बारा व्होल्टच्या बॅटरीवर, सोलर प्लेटवर चालणारी ही पेटी तारेत साधारण सेकंदाला एक ठोका सोडते. त्या ठोक्याचा दाब पाच ते दहा हजार व्होल्ट! आकडा ऐकून घाबरायला होतं. पण ठोका टिकतो सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी, आणि त्यातली ऊर्जा मोजून-मापून ठेवलेली असते. जनावर ओल्या नाकाने तार हुंगतं, सणकन बसतं, ते मागे उडी मारतं. दोन ठोक्यांच्या मधे सुटायला वेळ मिळतो. पुढच्या वेळी ते तारेपासून लांबच राहतं.

आता मोटारीच्या पेटीतला करंट. तो 230 व्होल्ट, म्हणजे झटक्यापेक्षा कितीतरी कमी. मग तो मारतो कसा? कारण तो थांबत नाही. सेकंदाला 100 वेळा दिशा बदलत वाहतच राहतो. हाताचे स्नायू आखडतात, मूठ तारेवरच आवळली जाते, सोडायची म्हटली तरी सुटत नाही. हृदयाचा ताल बिघडायला काही क्षण पुरतात. आणि रात्री शेतात कोण असतं? ज्याच्या फीडरला रात्रीची लाईट असते तो शेतकरी. अनवाणी, ओल्या सरीत, पाणी वळवायला आलेला. नाहीतर जागलीला आलेला शेजारी. अशा तारेने वाघ मेलेत, बैल मेलेत, आणि तार लावणाऱ्याच्या घरातलीच माणसंही गेलीत.

उमरेड-कऱ्हांडल्याचा प्रसिद्ध 'जय' वाघ आठवतो? त्याचा बछडा 'श्रीनिवास' 2017 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळ अशाच जिवंत तारेने मेला. तार लावली होती पिकात येणाऱ्या जनावरांसाठी. अशा वेळी वन्यजीव संरक्षण कायदा लागतो, वीजचोरीचा गुन्हा लागतो, आणि माणूस गेला तर सदोष मनुष्यवध. शेतकऱ्याचा राग खोटा आहे असं मी म्हणत नाही. एका रात्रीत उभं पीक गेलेलं बघणं सोपं नसतं. पण हा उपाय त्याचंच घर बुडवतो.

बरं, मशीन घेतलं आणि तरी रोही आले, ही तक्रारही खूप येते. दहातल्या आठ वेळा दोष मशीनचा नसतो, अर्थिंगचा असतो. (आकडा माझ्या अंदाजाचा आहे, भांडू नका!) करंट तारेतून जनावरात, जनावरातून मातीत, आणि मातीतून अर्थिंगच्या सळईमार्गे मशीनला परत येतो, तेव्हाच झटका बसतो. उन्हाळ्यात माती कोरडी पडली की ही वाट तुटते. म्हणून सळई ओल लागेल इतकी खोल ठोका, तिथे अधूनमधून पाणी ओता. जमीन फारच कोरडी असेल तर एक तार करंटची, एक अर्थिंगची अशी आलटून-पालटून ओढतात.

सगळ्यात खालची तार जमिनीपासून वीतभर, डुकरासाठी. सगळ्यात वरची पाच-सहा फुटांवर, रोह्यासाठी. मधल्या तारा खाली दाट, वर विरळ. पावसाळ्यात गवत वाढून तारेला टेकलं की करंट तिथेच मातीत उतरतो, म्हणून तारेखालची पट्टी साफ ठेवायचीच. आणि तार ओढली त्याच संध्याकाळी मशीन चालू करा. आठवडाभर तार नुसतीच राहिली तर जनावर तिच्यातून जायला शिकतं, मग ती सवय मोडणं अवघड.

खर्चाचं एक गणित सांगतो. एक एकर चौकोनी शेताचा घेर साधारण 835 फूट. दहा एकरांचा मात्र 2,640 फूट. म्हणजे शेत दहापट, कुंपण जेमतेम सव्वातीनपट. म्हणून शेजारच्या दोघातिघांना सोबत घ्या. तसंही तुम्ही एकट्याने कुंपण केलं तर कळप त्यांच्याच शेतात वळणार, आणि मग बांधावर बोलणं बंद.

गाव जंगलाला लागून असेल तर वनविभागाच्या श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला अनुदान मिळालेलं आहे. सध्या तुमचं गाव यादीत आहे का, ते वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन विचारा, आणि मंजुरीआधी खरेदी करू नका.

तर भाऊ, हरभऱ्याला घाटे धरायच्या आत हे उरका. आणि मशीन लागलं की रात्री तारेजवळ जुना रेडिओ लावून बघा, मीडियम वेव्हवर प्रत्येक ठोक्याला 'टक' ऐकू येईल. ती टकटक रेकॉर्ड करून पाठवा, पुढच्या भागात वाजवू.